हॉटेलातली नोकरी: आधी घड्याळ, मग डिपार्टमेंट, मग कोर्स

दहावी-बारावीनंतर हॉटेलात जाऊ पाहणारी बहुतेक मुलं-मुली एकाच क्रमाने चुकतात. आधी कोर्स ठरतो, मग कॉलेज, मग मिळेल ते हॉटेल. आपण नेमक्या कोणत्या डिपार्टमेंटमध्ये आहोत, रात्री किती वाजता सुटणार आणि अंगावर काय येणार, हे सगळ्यात शेवटी कळतं. चार-सहा महिन्यांत नोकरी सुटते आणि 'ही लाइनच वाईट' असं घरात कायमचं ठरतं. हाच क्रम उलटा केला तर निम्मी अडचण संपते.

इथे 'हॉटेल' म्हणजे खोल्या देणारं हॉटेल: तीन तारे आणि त्यावरचं, मुंबई-पुण्यातलं बिझनेस हॉटेल, गोव्यातलं रिसॉर्ट, नाशिक-महाबळेश्वरकडची मोठी प्रॉपर्टी. मराठी घरांत 'हॉटेलात काम करतो' म्हटलं की चहा-मिसळीचं हॉटेल डोळ्यांसमोर येतं, त्यामुळे घरच्यांना हा फरक पहिल्याच दिवशी समजावून सांगा. तिथेच आणखी एक गोष्ट सांगून टाका. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. पदवीधरही बहुतेकदा कॉमी (किचनमधला सगळ्यात खालचा कुक) किंवा असोसिएट (बाकी खात्यांतला साधा कर्मचारी) म्हणूनच लागतो. मॅनेजमेंट ट्रेनीच्या जागा थोड्या असतात आणि त्यांची निवड वेगळी होते.

## पायरी १: घड्याळ आणि अंग तपासा

हॉटेलात साधारण तीन प्रकारच्या ड्युट्या असतात.

सरळ शिफ्ट: सकाळी ७ ते ४ किंवा दुपारी २ ते ११. हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिसमध्ये बहुतेक हीच चालते.

ब्रेक शिफ्ट: सकाळी ११ ते ३ आणि पुन्हा संध्याकाळी ७ ते ११. रेस्टॉरंट आणि किचनमध्ये ही नेहमीची. कागदावर आठ तास दिसतात, पण दिवसातले बारा तास हॉटेलभोवतीच जातात. घर लांब असेल तर मधल्या चार तासांत घरी जाऊन येणं होत नाही. स्टाफ रूम आहे का, तिथे पाठ टेकता येते का, हे विचारून घ्या.

रात्रपाळी: ११ ते ७ किंवा ८. नाइट ऑडिटर (रात्री दिवसभराचा हिशेब जुळवणारा), सिक्युरिटी, इंजिनिअरिंग, बेकरी आणि रूम सर्व्हिसची काही माणसं यात असतात.

साप्ताहिक सुटी रविवारी मिळेल हे मनातून काढून टाका. ३१ डिसेंबर, दिवाळीची सुटी आणि लग्नाचे मुहूर्त हे हॉटेलचे सगळ्यात गर्दीचे दिवस असतात. घरात लहान बाळ, आजारी माणूस किंवा शेतीचा हंगाम असेल तर याचा हिशेब आधी करा.

तपासा: कोर्सची फी भरण्याआधी, वय १८ पूर्ण असेल तर, लग्नसराईत बँक्वेटला (हॉटेलातल्या समारंभांच्या विभागात) कॅज्युअल म्हणून तीन-चार दिवस काम करा. मोठी हॉटेलं आणि केटरर रोजंदारीवर मुलं घेतात. सलग आठ-नऊ तास पायांवर उभं राहणं, वजनदार ट्रे आणि मध्यरात्री परतणं या तीन गोष्टी अंगाला मानवतात का, हे त्यात कळतं. माहितीपत्रक वाचून ते कळत नाही.

## पायरी २: डिपार्टमेंट नावावरून नको, कामावरून ओळखा

### किचन

उतरंड अशी: कॉमी ३, कॉमी २, कॉमी १, डेमी शेफ द पार्टी (सगळे डीसीडीपी म्हणतात), शेफ द पार्टी म्हणजे सीडीपी, सू शेफ आणि एक्झिक्युटिव्ह शेफ. पहिलं वर्ष सोलणं, चिरणं, फ्रिज लावणं आणि स्टॉक (हाडं-भाज्या उकळून केलेलं पाणी) ढवळणं यातच जातं. प्लेट सजवायला फार उशिरा मिळते. इंडियन, तंदूर, कॉन्टिनेंटल, चायनीज, गार्ड मांजे म्हणजे थंड पदार्थांचं किचन, बेकरी आणि हलवाई असे सेक्शन वेगवेगळे असतात. बेकरीचं काम पहाटे सुरू होतं आणि वजनकाट्यावर चालतं. ज्याला मोजमापाची शिस्त आवडते त्याने तिकडे जावं. अंदाजपंचे हात चालणारा माणूस तिथे अडतो.

किचनला चिकटून, पण वेगळं असतं किचन स्टुअर्डिंग: भांडी, डिशवॉशर, कचरा, क्रोकरीचा साठा. याला कमी समजतात. पण शिक्षण कमी असलेल्या माणसाला आत शिरायला आणि मग कॉमीची जागा मिळवायला हाच सगळ्यात खरा दरवाजा आहे.

### सर्व्हिस

ट्रेनी, असोसिएट, कॅप्टन, असिस्टंट मॅनेजर, रेस्टॉरंट मॅनेजर, एफ अँड बी (फूड अँड बेव्हरेज) मॅनेजर अशी वाट आहे. टिप इथे मिळते, ओरडाही इथेच बसतो. बारमध्ये काम करायचं तर कायदा तोंडपाठ हवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ लागतं, गोव्यात २१. शंका आली की ओळखपत्र मागणं हे तुमचं काम आहे. पाहुणा चिडला तरी ते टाळायचं नसतं.

### हाउसकीपिंग

रूम अटेंडंट, फ्लोअर सुपरवायझर, असिस्टंट आणि मग एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर. शिवाय लिनन (चादरी-टॉवेल) रूम, युनिफॉर्म रूम, लाँड्री, पब्लिक एरिया आणि बाग. सगळ्यात जास्त माणसं बहुधा इथे लागतात, आणि सगळ्यात कमी लोक स्वतःहून इथे अर्ज करतात. म्हणूनच बढतीची रांग इथे लहान असते. ज्यांना सकाळची सरळ शिफ्ट हवी आहे, विशेषतः संध्याकाळी घरी असणं गरजेचं आहे, त्यांनी हे डिपार्टमेंट पहिल्या क्रमांकावर धरावं असं आमचं ठाम मत आहे.

काम किती, याचा हिशेब पाहा. एका अटेंडंटला दिवसाला साधारण १२ ते १६ खोल्या येतात. समजा १४ आल्या, त्यातल्या ५ चेकआउट झालेल्या आणि ९ मुक्कामाच्या. चेकआउट खोलीला ४० मिनिटं धरली तर २०० मिनिटं. मुक्कामाच्या खोलीला २२ धरली तर १९८. एकूण ३९८ मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांहून जास्त. त्यात ट्रॉली भरणं, जेवण आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेल्या दारांवर पुन्हा फेऱ्या आल्याच. कंबरेचं जुनं दुखणं असलेल्याने इथे येऊ नये.

### फ्रंट ऑफिस

बेल डेस्क (पाहुण्यांच्या बॅगा सांभाळणारे), रिसेप्शन, रिझर्व्हेशन, टेलिफोन ऑपरेटर, ड्युटी मॅनेजर, नाइट ऑडिटर. दिसायला चकचकीत, पण निम्मं काम नोंदी आणि पैशांचं असतं. परदेशी पाहुण्याची माहिती आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते (काउंटरवर तिला सी-फॉर्म म्हणतात), आणि ती राहिली तर जबाबदारी हॉटेलवर येते. रोख रकमेचा फ्लोट (काउंटरवर सुट्ट्यांसाठी दिलेली ठरावीक रक्कम) शिफ्टअखेर जुळलाच पाहिजे. आकडेमोडीत रस असलेल्याला नाइट ऑडिट आणि पुढे रेव्हेन्यू मॅनेजमेंट (मागणी पाहून खोल्यांचे दर ठरवणं) या चांगल्या वाटा आहेत. तिथे चेहऱ्यापेक्षा डोकं चालतं.

### ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही ती खाती

इंजिनिअरिंगमध्ये आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिक, प्लंबर आणि प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट लागतात. हाती कसब असेल तर हॉटेल मॅनेजमेंटची गरजच नाही. बी.कॉम. झालेल्यांसाठी स्टोअर, पर्चेस, अकाउंट्स आणि कॉस्ट कंट्रोल आहे. कॉस्ट कंट्रोलचं मूळ गणित सोपं आहे: पदार्थाचा कच्चा माल ९६ रुपये, विक्री ३२० रुपये, तर फूड कॉस्ट ३० टक्के. ती महिन्याभरात ३४ वर का गेली, हे गोदामात आणि किचनमध्ये फिरून शोधणं हीच नोकरी. याशिवाय सेल्स, एचआर, सिक्युरिटी, स्पा आणि लाइफगार्ड आहेतच.

तपासा: एका कागदावर तीन डिपार्टमेंट लिहा आणि प्रत्येकासमोर तीन रकाने करा: सुटायची वेळ, अंगावरचा ताण, पहिल्या वर्षाचं खरं काम. तिन्ही रकाने वाचून ज्यावर मन टिकतं, ते तुमचं.

## पायरी ३: आता कोर्स

डिपार्टमेंट ठरलं की कोर्सचा प्रश्न निम्मा सुटतो.

१. तीन वर्षांची पदवी: बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा. तिच्यातून मुंबईतल्या दादरचं आणि गोव्यातल्या पर्वरीचं आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) अशा केंद्रीय संस्थांत प्रवेश मिळतो. चारही मुख्य खाती शिकवतात. डिपार्टमेंट अजून पक्कं नसेल तर ही वाट बरी.

२. चार वर्षांचं बी.एचएमसीटी (हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजीची पदवी): महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र सीईटी असते. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. ट्रेनिंग किचनमध्ये एका बर्नरवर किती विद्यार्थी उभे असतात ते पाहा.

३. आयटीआय: दहावीनंतर फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, बेकरी असे एक वर्षाचे ट्रेड. फी कमी आणि नंतर अप्रेंटिसशिप. घरची ऐपत बेताची असेल तर यात काहीही कमीपणा नाही.

४. फक्त किचनच करायचं असेल तर आयएचएममधला फूड प्रॉडक्शन अँड पॅटिसरीचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स. पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून तपासून घ्या.

सावधान: 'शंभर टक्के प्लेसमेंट, परदेशात ट्रेनिंग' अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेला दोनच प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं? आणि मागच्या वर्षीची मुलं कोणत्या हॉटेलात, कोणत्या पदावर लागली? दुसऱ्या प्रश्नाला फक्त हॉटेलांची नावं मिळाली आणि पदं मिळाली नाहीत, तर फी भरू नका.

कोर्समधलं इंडस्ट्रियल ट्रेनिंग साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं. लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकदम भरू नका. रोज रात्री दोन ओळी लिहा: आज कोणत्या सेक्शनला होतो, किती प्लेट किंवा किती खोल्या केल्या. मुलाखतीत हेच आकडे कामी येतात. 'मला किचनचा अनुभव आहे' यापेक्षा 'नाश्त्याच्या बुफेला एग काउंटरवर सहा आठवडे होतो' हे वाक्य शेफला लगेच पटतं.

## पायरी ४: ट्रेड टेस्ट

मुलाखत वीस मिनिटांत आटोपते. निकाल लागतो तो हातात काम दिल्यावर. बहुतेकांची तयारी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ची असते, या भागाची नसते. म्हणून इथे जरा थांबू.

### किचनची चाचणी

सोबत न्यायचं: २० सेंटिमीटरची धार लावलेली शेफ नाइफ, पीलर, दोन स्वच्छ डस्टर, पेन, छोटी वही, बंद पुढ्याचे न घसरणारे बूट. नखं कापलेली, हातात अंगठी-धागा नाही, दाढी त्या हॉटेलच्या नियमाप्रमाणे.

१. आधी हात धुवा, तेही समोरच्याला दिसेल असे. न सांगता हात धुणारा उमेदवार शेफच्या लक्षात राहतो.

२. चॉपिंग बोर्डखाली ओला डस्टर घाला, म्हणजे बोर्ड सरकत नाही. रंग पाहा: लाल कच्च्या मांसाला, निळा माशाला, हिरवा फळं-भाज्यांना, पांढरा ब्रेड आणि दुग्धपदार्थांना. पिवळा आणि तपकिरी यांचा वापर हॉटेलागणिक बदलतो, तो विचारा. विचारल्याने गुण कमी होत नाहीत, चुकीचा बोर्ड घेतल्याने होतात.

३. चिरायला दिलं तर वेगापेक्षा एकसारखेपणा सांभाळा. ज्युलियन म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर जाड आणि ५ सेंटिमीटर लांब काड्या. ब्रुनवाज म्हणजे ३ मिलिमीटरचे चौकोन. उरलेले तुकडे फेकू नका, वेगळ्या वाटीत ठेवा, ते स्टॉकला जातात. कचऱ्यात किती गेलं हे शेफ पाहतोच.

४. बेशामेल (व्हाइट सॉस) नेहमी विचारतात. १ लिटर दुधाला ६० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम मैदा. लोण्यात मैदा मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतायचा, रंग येऊ द्यायचा नाही. मग दूध थोडं-थोडं घालत फेटायचं आणि १५-२० मिनिटं मंद शिजवायचं. गुठळ्या होतात त्या सगळं दूध एकदम ओतल्याने. कच्चा मैदा जिभेला लागतो तो शेवटची पंधरा मिनिटं वाचवल्याने.

५. ऑम्लेट दिलं तर आधी विचारा: फ्रेंच की मसाला? फ्रेंचला तपकिरी डाग चालत नाही. मसाला ऑम्लेटला थोडा रंग चालतो.

६. तोंडी प्रश्नांत तापमान येतं. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली, फ्रीझर उणे १८. शिजवलेलं अन्न ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. मोठं पातेलं तसंच वॉक-इनमध्ये (खोलीएवढ्या फ्रिजमध्ये) ढकललं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आंबतो. म्हणून उथळ ट्रेमध्ये काढायचं.

७. जागा स्वच्छ करून, सुरी धुऊन, मग 'झालं शेफ' म्हणा. घाण ओटा सोडून गेलेला चांगला कुक नाकारला जातो.

### हाउसकीपिंगची चाचणी

एक चेकआउट खोली देतात. क्रम हा:

१. बोटांच्या पेराने तीन वेळा दार वाजवा, 'हाउसकीपिंग' म्हणा, थांबा. खोली रिकामी आहे असं कळलं असलं तरी.

२. पडदे उघडा, दिवे, एसी आणि टीव्ही चालतात का पाहा. बंद असलेली वस्तू इंजिनिअरिंगला आत्ताच कळवा, शेवटी कळवली तर खोली अडकते.

३. मिनीबार आणि विसरलेल्या वस्तू तपासा. चादर काढताना झटका, एकेक वेगळी. चार्जर, कर्णफुलं आणि पाकिटं चादरीत गुंडाळून लाँड्रीत जातात आणि संशय अटेंडंटवर येतो.

४. कचरा आणि मळकं लिनन बाहेर. मग कमोडमध्ये केमिकल टाकून ठेवा आणि पलंगाकडे वळा. केमिकलला मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात पलंग होतो. नवीन माणूस कमोड तिथल्या तिथे घासतो, त्यात वेळही जातो आणि डागही.

५. पलंग: खालची चादर ताणून, कोपरे ४५ अंशांत दुमडून. चादरीवर एकही केस दिसता कामा नये, तपासणारा पहिली नजर तिथेच टाकतो.

६. धूळ दारापासून सुरू करून एकाच दिशेने फिरत पुसा, वरून खाली.

७. बाथरूम. कमोडचा कपडा, बेसिनचा कपडा आणि ग्लासचा कपडा वेगळा. खोलीतला टॉवेल घेऊन ग्लास पुसला तर चाचणी तिथेच संपते.

८. व्हॅक्युम शेवटी, खिडकीकडून दाराकडे येत.

सावधान: टास्की आर६ हे कमोडसाठीचं आम्लयुक्त केमिकल आहे. ते संगमरवरावर पडलं की पॉलिश कायमचं जातं. ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी वायू तयार होतो. आर२ सर्वसाधारण पुसण्यासाठी, आर३ काचेसाठी, आर४ फर्निचरसाठी आहे. बाटलीवर लेबल नसेल तर ती हातात घेऊ नका.

### सर्व्हिसची चाचणी

एक कव्हर (एका माणसाची टेबलावरची मांडणी) लावायला सांगतात. एका माणसाला टेबलाची सुमारे ६० सेंटिमीटर रुंदी. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार आतल्या बाजूला. सगळी कटलरी काठापासून सव्वा सेंटिमीटर आत. ग्लास देठाने किंवा तळाने धरायचा. कडेला बोट लागलं की तो ग्लास परत गेला.

ऑर्डर घेताना चार गोष्टी: लिहून घ्या, कशाची अ‍ॅलर्जी आहे का विचारा, तिखटाचं प्रमाण विचारा, पूर्ण ऑर्डर वाचून दाखवा. केओटीवर (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) टेबल नंबर आणि माणसांची संख्या राहिली तर किचनमध्ये गोंधळ ठरलेला. प्लेटमध्ये वाढून आलेलं अन्न आणि पेय उजवीकडून द्यायचं, चमच्या-काट्याने प्लॅटरमधून वाढायचं असेल तर डावीकडून. लहान पेग ३० मिलिलिटर, मोठा ६०. जिगरशिवाय (मोजमापाच्या छोट्या पेल्याशिवाय) ओतू नका, हात कितीही बसलेला असला तरी.

### फ्रंट ऑफिसची चाचणी

एक प्रसंग देतात. नेहमीचा असा: चेक-इनची वेळ दुपारी २, पाहुणा ११ ला आलाय, खोली तयार नाही, सोबत म्हातारी आई आहे. चुकीचं उत्तर म्हणजे नियम सांगणं. बरोबर क्रम: बसायला जागा आणि पाणी, मग हाउसकीपिंगला फोन करून त्याच प्रकारची कोणती खोली आधी मिळेल ते विचारणं, मग पाहुण्याला खरी वेळ सांगणं, मग बॅगा ठेवून घेणं आणि मोबाइल नंबर घेणं. 'पाच मिनिटांत' असं कधीही म्हणू नका. चाळीस मिनिटं लागणार असतील तर चाळीस सांगा.

खोलीचा नंबर मोठ्याने उच्चारू नका, लिहून दाखवा. फोनवर कोणी 'अमुक पाहुणे कोणत्या खोलीत?' विचारलं तर नंबर द्यायचा नाही, पाहुण्याची परवानगी घेऊन फोन जोडायचा.

इंग्रजीची भीती इथेच जास्त वाटते. व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवा. आपल्या डिपार्टमेंटची रोज लागणारी चाळीस वाक्यं लिहा आणि मोठ्याने, सावकाश म्हणा. चुका चालतात. पुटपुटणं चालत नाही.

## पायरी ५: ऑफर लेटर वाचा

सगळ्यात महाग चूक इथे होते: सीटीसीला (तुमच्यावर मालकाचा होणारा एकूण खर्च) पगार समजणं. एक हिशेब पाहा.

मूळ पगार १२,००० आणि घरभाडे भत्ता ५,०००, म्हणजे एकूण १७,००० महिना. कापलं जाणारं: तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्क्यांनी १२८, महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना महिना २५,००० पर्यंत माफ). हातात १५,२३२.

आता याच नोकरीची सीटीसी: १७,००० अधिक मालकाचा पीएफ १,४४०, मालकाचा ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ५५३, ग्रॅच्युइटी ५७७, ड्युटीवरचं जेवण आणि युनिफॉर्म धुलाईचे धरलेले १,०००. बेरीज २०,५७०. म्हणजे 'साडेवीस हजारांची नोकरी' आणि हातात सव्वापंधरा.

तपासा:
- राहायला जागा मिळते का, एका खोलीत किती जण, पैसे कापतात का.
- रात्री सुटल्यावर सोडायला गाडी आहे का. मुलींनी हे लेखी घ्यावं, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत तेही पाहावं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी ही समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे.
- प्रोबेशन किती महिने, नोटीस किती दिवसांची.
- ओव्हरटाइम पैशांत मिळतो की बदली सुटीत. पैशांत असेल तर दर दुप्पट असायला हवा.
- मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का. घेत असतील तर देऊ नका, प्रत द्या.

सावधान: सर्व्हिस चार्ज धरून पगार सांगत असतील तर तो आकडा वजा करा. ग्राहकाकडून सर्व्हिस चार्ज सक्तीने घेता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम केलं आहे. जे ऐच्छिक आहे त्यावर घराचा हप्ता बांधू नये.

## पायरी ६: पहिले तीन महिने, आणि पुढची पायरी

ड्युटीच्या पंधरा मिनिटं आधी युनिफॉर्ममध्ये ब्रीफिंगला हजर राहा. लॉगबुक वाचल्याशिवाय काम सुरू करू नका, रात्रपाळीने काय सोडलंय ते त्यातच असतं. मास्टर की घेताना आणि देताना सही करा. दुसऱ्याला दोन मिनिटांसाठीही देऊ नका.

डिपार्टमेंट बदलायचं असेल तर वर्षभर एका जागी टिकून मग क्रॉस एक्स्पोजर मागा: आपल्या ड्युटीनंतर किंवा सुटीच्या दिवशी दुसऱ्या खात्यात काही तास. आधी दोन्ही खातेप्रमुखांची परवानगी, मग एचआर. थेट एचआरकडे गेलं की आपला बॉस दुखावतो आणि बदली अडते. स्टुअर्डिंगमधून किचन, बँक्वेटमधून सेल्स, फ्रंट ऑफिसमधून रिझर्व्हेशन या बदल्या नेहमी होतात. किचनमधून फ्रंट ऑफिस क्वचित.

दर सहा महिन्यांनी हॉटेल बदलून पगार दोन-तीन हजारांनी वाढतो खरा, पण कॉमी कॉमीच राहतो. निदान पद बदललं तरच हॉटेल बदला.

## पायरी ७: जहाज आणि आखात

गोवा आणि कोकणातल्या घरांना क्रूझची नोकरी नवी नाही, गोव्यात तारवटी (जहाजावर नोकरी करणारे) गावोगाव सापडतात. तरीही कागदांचा क्रम चुकतोच. आधी हॉटेलातला अनुभव आणि त्याचं पत्र, कारण क्रूझ कंपन्या बहुधा कोरा उमेदवार घेत नाहीत. मग पासपोर्ट. मग कंपनीची मुलाखत. एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) मूलभूत सुरक्षा कोर्स आणि बहुतेक कंपन्या मागतात ती सीडीसी (खलाशाचं अधिकृत नोंदपुस्तक), हा खर्च निवड पक्की होत आल्यावर करा. लोक आधी कोर्सवर पैसे घालतात आणि मुलाखतीत इंग्रजीवर अडकतात.

जहाजावर भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना हवा. नोकरी मिळवून देण्याचं शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. कोणी लाख-दोन लाख मागत असेल तर तो दलाल आहे, एजन्सी नव्हे.

आखातासाठी एजंट सरकारकडे नोंदलेला असावा आणि ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. त्याचं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, तेही पावतीसह. करारात पद, मूळ पगार, राहणं, जेवण आणि परतीचं तिकीट या पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. 'आत्ता व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो' असं कोणी म्हणालं तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.